दुरुस्तीसाठी परत

"शिक्का?" तोकाशिकीनं विचारलं.

सुमिको इरामिनानं पर्स उघडली, आत चाचपलं, पुन्हा मिटली. "घरी राहिला वाटतं."

"अहो बाई, मागच्या खेपेलाही घरीच होता."

"वय झालं."

"सही चालली असती तर इथंच करा म्हणालो असतो. पण वर सही कुणी बघत नाही. लाल शाईत नाव उमटलेलं लागतं."

"मग द्या परत."

खिडकीमागच्या तोकाशिकीनं अर्जाच्या डोक्यावर चिठ्ठी डकवली.

*परत. कारण: अर्जदाराचा शिक्का नाही.*

अर्ज ओकिनावाच्या उत्तरेकडच्या एका खाडीत समुद्रगाय शोधण्याचा होता. प्राणी संरक्षित. तिचा आवाज टिपायचा तर परवाना, पाण्यावर तरंगणारी तिची विष्ठा उचलायची तरी परवाना.

खाडी एका कंपनीला हवी होती. भराव घालून बोटींसाठी धक्का बांधायचा होता. नियम असा की, शोधाचा अर्ज जिवंत आहे तोवर पाण्यात खडाही टाकायचा नाही. दुरुस्तीसाठी परत गेलेला अर्जही जिवंतच. परवाना मिळाला की एक हंगाम शोध. प्राणी दिसला, तर खाडी कायमची राखीव. नाही दिसला, तर भराव.

खाडीत एकच समुद्रगाय उरलीय हे गावाला ठाऊक होतं. सागर संग्रहालयातल्या सुमिकोबाईंनी तिच्यामागं उभं आयुष्य घातलंय, हेही.

"बाई," मासळी बाजारातली फुमी सुरीनं खवले उडवत म्हणाली, "तुमची गाय गाभण आहे का हो? इतकी कुठं दडून बसलीय?"

"माणसांना कंटाळली असेल."

"मीपण कंटाळलेय. मला कुणी राखीव करत नाही."

बायका हसल्या. सुमिकोही हसली. पोपटी मासा कागदात गुंडाळून घेऊन ती जेट्टीकडे गेली. उत्तरेचा वारा सुटला होता. आभाळ आणि पाणी एकाच राखाडी रंगाचं.

जेन्शो होडीत बसून होता. तोच तिला खाडीत फिरवायचा. दोघं होडीच्या काठावर वाकून पाण्यात बघत बसायची. किनाऱ्यावरून जाणारे हात हलवायचे, ही दोघंही हलवायची.

"किती दिवस चालणार हे?" जेन्शोनं विचारलं.

"जमेल तितके, दादा."

"तो कारकून वैतागत नाही?"

"चहा विचारतो."

*परत. कारण: वर्षाच्या रकान्यात आधीच्या बादशहाचा काळ लिहिला आहे.*

"बादशहाच्या नावानं वर्षं मोजायची म्हटल्यावर चुका होतात," तोकाशिकी म्हणाला. "माझे वडील अजून त्याच्याही आधीच्या बादशहाच्या काळात राहतात. दुसरा कागद देऊ? इथंच लिहा."

"चष्मा नाही आणला. घरी लिहून आणते."

"तो कंत्राटदार रोज फोन करतो हो मला. म्हणतो, म्हातारीला परवाना द्या नाहीतर हाकला, पण काहीतरी करा. मी म्हटलं, म्हातारी म्हणायचं काम नाही." तो खिडकीशी वाकला. "बाई, तुम्ही जोडलेले फोटो मी घरी नेले होते. पाण्याखालच्या गवतात ती चरत गेल्याच्या वाटा. पोरीला दाखवले. ती विचारते, एकटीला करमतं का तिला?"

सुमिकोनं पर्स मिटली. "लांबच्या बेटांवरून एखादी येईलही सोबतीला. इथलं गवत राहिलं तर."

"राहील," तोकाशिकी म्हणाला. "माझ्याकडून होईल तेवढं मी करतो."

*परत. कारण: नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही.*

*परत. कारण: अर्जदाराचा शिक्का नाही.*

*मंजूर.*

सुमिकोनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. खाली, तिच्या नावाशेजारी, लाल गोल होता. त्यात तिचं आडनाव, सरळ, स्वच्छ.

"हळू बोला," तोकाशिकी म्हणाला, खरं तर ती बोललीच नव्हती. "इथल्या दुकानात आडनावांच्या तयार शिक्क्यांचा तो फिरता स्टँड आहे ना, त्यात इरामिना नव्हतंच. परवा पोरीला घेऊन नाहा शहरात गेलो, तिथं मिळाला. वर्ष पुन्हा जुनंच होतं, ते मी बदललं, नकाशावर उत्तरेचा बाणही काढला. साहेबांनी बघितलंसुद्धा नाही." त्यानं लाकडी शिक्का खिडकीतून पुढं सरकवला. "हा ठेवा तुमच्याकडे. पर्समध्येच राहू द्या कायमचा."

"तुम्ही कशाला एवढा त्रास..."

"उशीर झाला आणि तिला काही झालं असतं, तर पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

सुमिको वाकली. इतकी खाली वाकली की तोकाशिकी अवघडला आणि उगाच टेबलावरच्या फायली नीट करू लागला.

जेट्टीवर जेन्शो जाळं दुरुस्त करत होता. ती त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"मिळाला," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले. "कसा?"

"चांगला माणूस आहे. माझ्या नावाचा शिक्का विकत आणला त्यानं."

"आणि तुझा?"

तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून आपला शिक्का काढला. वापरून कडा झिजलेल्या. "असतोच की बरोबर."

जेन्शोनं जाळं बाजूला ठेवलं. समोर भरावाचे तराफे नांगरून उभे होते. एकावर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"हंगाम संपला की सुरू करतील," तो म्हणाला. "कुठल्या बाजूनं?"

"पुळणीकडून," सुमिको म्हणाली. "आपण तिला पुरलं, तिथून."