मागची जोडी

मालकीणबाईंनी हनुवटीनं उजवीकडची टायरांची जोडी दाखवली. थोरला थबकला. हनुवटी पुन्हा तिकडेच हलली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं तीच जोडी खाली घेतली.

गिऱ्हाइकासमोर टायरचं नाव घ्यायचं नाही, ही दुकानाची रीत. आईनं गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचं, हनुवटी हलवायची. लेकानं उचलायचं, बसवायचं. आज गिऱ्हाईक म्हणजे घरचा जावई होता.

“मागचे दोनच बदला, पुढचे नवे आहेत,” खुर्चीत पाय पसरून जावई म्हणाला. “आणि वेगाचे द्या, सासूबाई. आपली गाडी काही भाजी आणायची नाही.”

“तुमची गाडी कशाला आहे ते आम्हाला माहीत आहे, जावईबापू.”

माहीत होतंच. हा बायकोवर हात उगारत नसे. वळ दिसतात एवढी अक्कल त्याला होती. फोन उचलायला उशीर झाला, उलटून एक शब्द गेला, की तिला त्या दोन सीटच्या गाडीत बसवायचा, मोठ्या रस्त्याला लागायचा आणि काटा अडीचशेवर न्यायचा. ती गयावया करेपर्यंत. मागच्या खेपेला ती दुकानापाशी उतरली तेव्हा सीट ओली होती, आणि हा सगळ्यांना बोलावून दाखवत होता.

दोन्ही जोड्यांची नक्षी तीच, माप तेच. फरक कडेवरच्या, वेग सांगणाऱ्या शेवटच्या अक्षराचा. डावीकडची तीनशेला टिकणारी. उजवीकडची दोनशेच्या आत शहाणी. त्यापुढे गेलं की तापायचं आणि फुटायचं. पुढचे टायर धरून राहिले आणि मागचा फुटला, की गाडी गरकन फिरते. मग चालवणारा कितीही मोठा बाजीराव असो.

आणि गाडीत एकटा हाच असणार होता. मालकीणबाईंनी सकाळीच घरात सांगून टाकलं होतं: धाकटी लेक आता इथेच राहील. त्यांनी सांगितलं म्हणजे ठरलं. धाकटीला कुणी विचारलं नाही. या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

थोरल्यानं जॅक उतरवला. मागची चाकं जमिनीला टेकली. जावयानं एका टायरला लाथ घालून पाहिली.

“बसले ना नीट?”

“बसले,” थोरला आईकडे बघत म्हणाला. “चांगले बसले.”

जावई गाडीत बसला आणि त्यानं हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक. दुकानामागच्या घराचं दार उघडलं. धाकटी पर्स घेऊन आली, कुणाकडे न बघता त्याच्या शेजारी बसली आणि तिनं पट्टा लावला.

मालकीणबाई पुढे झाल्या. “तू कुठे निघालीस गं?”

“घरी.”

“मी काय सांगितलं होतं?”

“तू सांगितलंस,” धाकटी समोर बघत म्हणाली. “यांनी हॉर्न वाजवला.”

थोरल्यानं जॅक पुन्हा उचलला. मालकीणबाई खिडकीशी वाकल्या. “जावईबापू, जरा थांबा. टायर परत काढायचेत. बसवण्यात चूक झाली.”

“राहू दे चूक. माहेरी काय काय सांगून ठेवलंय ते आज हिला विचारायचंय. रस्त्यावर ही फार छान बोलते.” त्यानं इंजिन गुरगुरवलं.

खरं सांगावं तर थोरला गजाआड. खोटं सुचायला वेळ नाही. टेबलावर रबर कापायचा सुरा होता. मालकीणबाईंनी तो उचलला, मागच्या चाकाशी वाकल्या, टायरच्या कडेला जिथे रबर पातळ असतं तिथे मुठीपर्यंत खुपसला आणि खाली ओढला. हवा तोंडावर आली. गाडी एका कुशीवर बसली.

जावई उतरला. सासूचा अंबाडा धरून त्यानं तिचं तोंड गाडीच्या टपावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात ओठात घुसले, सुरा हातातून निसटला. तो तिसऱ्यांदा मान मागे खेचत होता, तेवढ्यात थोरल्याची टायर काढायची लोखंडी टामी त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. तो कोसळला. थोरल्यानं टामी पुन्हा वर नेली, या वेळी डोक्याच्या नेमानं.

“बस कर,” मालकीणबाई रक्त थुंकून म्हणाल्या. “एवढ्यानं तो नाचायला उठत नाही.”

जावई गुरासारखा ओरडत होता. धाकटीनं हात लांबवून इंजिन बंद केलं, सावकाश पट्टा सोडला आणि उतरली. नवऱ्याला ओलांडून ती पलीकडे गेली, जिकडचं मागचं चाक शाबूत होतं, आणि उकिडवी बसली. ती याच दुकानात टायरांवर बसून मोठी झाली होती. अंगठ्यानं धूळ पुसून तिनं मागच्या टायरवरचं शेवटचं अक्षर वाचलं. मग पुढच्या टायरवरचं वाचलं.

मग उठून आईजवळ आली. पर्समधला रुमाल काढून तिनं आईच्या हनुवटीवरचं रक्त टिपलं आणि खाली पडलेल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

“आई, मला आधी सांगायचं तरी. मी बसलेच नसते.”