पिन्यातेचा दोर

शोचिलच्या सहाव्या वाढदिवसाला पार्कात कोणते खेळ घ्यायचे, हे माझी नणंद मारिक्रूस परस्पर ठरवून आली. पोत्यात पाय घालून शर्यत, पकडापकडी आणि शेवटी डोळे बांधून, झाडाला टांगलेली, खाऊने भरलेली कागदी पिन्याता काठीने फोडायची.

"आणि जिचा वाढदिवस, ती काय करणार?" मी विचारलं. माझी लेक चाकांच्या खुर्चीत असते, हे काय आत्याला नवं होतं?

"ती बसल्या बसल्या बघेल की! तिच्यापायी बाकीच्या पोरांना कशाला कंटाळा, वहिनी?"

हे शोचिलच्या तोंडावर. माझ्या मस्तकात तिडीक गेली. वाढदिवशी पार्कात पिन्याता वरखाली करायचा दोर मी दिराच्या हातातून काढून लेकीच्या हातात दिला.

पोरांसाठी तिने पिन्याता अगदी काठीजवळ आणली. प्रत्येकाचा एकेक फटका बसला. मग "सरका, मी फोडते!" म्हणत आत्या डोळे बांधून पुढे आली. काठी फिरवून घामाघूम झाली, केस सुटले, पण एक फटका लागेल तर शपथ. सगळे पोट धरून हसत होते.

"कोण मेलं दोर ओढतंय?" ती ओरडली.


"मी, आत्या. बसल्या बसल्या."