गुरुवारची हजेरी

इगतपुरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत मोहिनी मॅडम मुख्याध्यापिका होत्या. मुलं दांड्या का मारतात, यावर त्यांनी कृतिसंशोधन हाती घेतलं. तीन महिन्यांची हजेरी तपासली, तर फक्त गुरुवारी पट पूर्ण भरलेला. नेमक्या त्याच दिवशी त्या तालुक्याला मीटिंगला जात.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी चौथीतल्या निकिताला जवळ बोलावून विचारलं, "मी नसते म्हणून येता का गं सगळे?"

"नाय मॅडम. गुरुवारी बायडामावशी तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगते. तुम्ही असल्या की ती लाजते."

बायडाबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. मॅडमनी त्याच दिवशी वेळापत्रक बदललं आणि रोजचा पहिला तास बायडाबाईंच्या गोष्टीला दिला. सोमवारी वर्ग गच्च भरला. गोष्टीतला कोल्हा रांजणात पडला, तशा पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडम सवयीने उठल्या. "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?"

बायडाबाईंची लाज एव्हाना पार पळाली होती.

"मॅडम, खाली बसा. कोल्हा अजून बाहेर यायचाय."