लेक दारात उभी

"तुमच्या कादंबरीतली मुलगी परत का आली?" मालनने फाटकातूनच विचारलं.

लेखिका वत्सलाबाई अंगणात वाल सोलत होत्या. "आधी बस तरी, बाई."

"बसायला नाही आले. तुमच्या जुन्या कादंबरीतली आई बुडालेल्या लेकीचा फ्रॉक मांडीवर घेऊन घाटावर बसते. माझी लेक राणू नदीत गेली, तेव्हा वर्षभर ती आईच माझ्या सोबतीला होती. नवी कादंबरी आली म्हणून धावत जाऊन आणली, तर यात बुडालेली लेक हसत दारात उभी! थट्टा मांडलीत माझी?"

वत्सलाबाई ओशाळल्या. "मी तिला बुडवलंच होतं गं. पण आताची पुस्तकंच वाचणाऱ्याची नाडी ओळखतात. त्याला सोसणार नाही ते आपोआप बदलून टाकतात. प्रकाशकाने परवानगीचा कागद पुढे केला, मी सही केली. म्हटलं, लोकांना त्रास कशाला?"

"तुम्ही स्वतः वाचलंत?" मालनने आत येऊन नवी कादंबरी पुढे केली.

वत्सलाबाईंनी पुस्तक हातात घेतलं. त्यांच्या बोटांखाली अक्षरं हलली. आता गोष्टीतल्या दारात लेक नव्हती. काठी टेकून एक म्हातारा उभा होता आणि चहा मागत होता. असाच चहा मागणारे त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. बाईंनी ते पान पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा, आणि गालातल्या गालात हसल्या.

मालनने पुस्तक हिसकावून मिटलं. "गोड लागलं ना? आता बघा दाराकडे."

दारात कुणी नव्हतं.

वत्सलाबाई उठल्या. मग आत जाऊन कोरे कागद आणि शाईचं पेन घेऊन आल्या. "हाताने लिहिलेलं तरी बदलणार नाही," त्या म्हणाल्या.

"लिहा," मालन म्हणाली. "जाऊ द्या तिला नदीत." आणि ती वालाच्या सुपाशेजारी खाली बसली.