टोपलीतला बेडूक

लहान मुलाच्या मेंदूत आता विज्ञानाला ठाऊक नाही असा एकही कोपरा उरलेला नाही, असं डॉक्टर वीरायुत यांनी मुलांच्या मनोविकार वॉर्डात जाहीर केलं. बुन्मा आजीने समाधानाने मान डोलावली, चिकट भाताच्या टोपलीचं झाकण काढलं आणि आतून एक जिवंत बेडूक बाहेर काढला.

खाटेवर तिची नात मालै बसली होती. सहा वर्षांची. गेल्या साली हीच पोर आईच्या हातगाडीपाशी उभी राहून, पपईच्या कोशिंबिरीत मिरच्या किती घालू, असं येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावून विचारायची. मग झोपेत झटके सुरू झाले आणि शब्द गळत गेले. आता हाक मारली तरी ती वळत नसे. कान शाबूत होते, अर्थ पोचत नव्हता. गावाने तिला आधी हट्टी ठरवलं, मग बहिरी, मग वेडी.

“आजी, इथे हे चालणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तुझ्या गोळ्या चालल्या का?” आजी म्हणाली. “ओठांवर बेडूक थोपटला की मुकं लेकरू बोलतं. तू आपल्या इसान मुलखातलाच ना? तुझ्या आईनेही थोपटला असणार तुझ्या तोंडावर. बघ, किती बोलतोस.”

डॉक्टर एक पाऊल मागे सरले. आजीने नातीच्या ओठांवर बेडूक हलकेच थोपटला. मालैने तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बेडूक टोपलीत गेला, झाकण लागलं.

डॉक्टरांनी मालैच्या आईला, सायरुंगला, टेबलापाशी नेलं. खाटेकडे पाठ करून हळू आवाजात सांगितलं की दुसरं औषधही लागू पडलेलं नाही. झोपेत मेंदूत उठणारी विजेची वादळं थांबलेली नाहीत. तिसरं देऊन बघू. काही मुलांचे शब्द परत येतात.

“सगळे नकोत,” सायरुंग म्हणाली. “निदान ‘आई’ एवढा?”

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला. आखूड, घोगरा.

सायरुंग गर्रकन वळली. डॉक्टरही वळले.

मालै खिडकीबाहेरच बघत होती. ओठ मिटलेले. टोपलीतून तोच आवाज पुन्हा आला.

कुणी हसलं नाही. आजीने ओशाळून झाकणावर हात ठेवला.

“एसीत सुकतोय बिचारा,” ती पुटपुटली.

डॉक्टर अजून त्या मिटलेल्या ओठांकडेच बघत होते. मग त्यांनी नर्सला हाक मारली.

“सिस्टर, थोडा ओला कापूस आणता? बेडकासाठी.”