हौदावरचे दाणे

थंडी पडली की मासे हौदाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांना खाणं पचत नाही आणि टाकलेलं कुजून पाणी नासतं. म्हणून थोरल्याने हिवाळ्यापुरतं त्यांना खायला घालणं थांबवलं होतं. तरीही पाण्यावर रोज ताजे दाणे तरंगायचे, आणि काल तर एक मासा उलटा होऊन वर आला.

"हे त्याचंच काम," थोरला बायकोला म्हणाला. घराची वाटणी झाल्यापासून पलीकडच्या अर्ध्या घरातल्या धाकट्या भावाशी त्याची बोलचाल बंद होती. "हौद माझ्या वाट्याला आला ना, तेच डोळ्यांत सलतंय. माझ्याशी वैर, तर मुक्या जिवांवर कसला सूड?"

आज सकाळी तो दाराआड दबा धरून बसला. कानटोपी घातलेला धाकटा चोरपावलांनी आला, त्याने मूठ उघडली, तोच थोरल्याने त्याचं मनगट पकडलं.

"मासे मारायला निघालास?"

धाकट्याने दचकून वर पाहिलं. मग तो नुसता बघतच राहिला, पायापासून डोक्यापर्यंत.

"दादा, तू हिंडतोफिरतोयस?"

"मग? मला काय धाड भरलीय?"

"रोज सकाळी खिडकीतून तू हौदावर दिसायचास. एकाएकी दिसेनासा झालास. विचारायचं तरी कुणाला? वाटलं, अंथरुणाला खिळलास. म्हटलं, बरा होऊन येशील तेव्हा तुझे मासे तरी जिवंत असू देत."