तिसरं लक्षण

"पेशंट दवाखान्यापासून जितका लांब, तितका आपला फायदा," थोरलीने पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं. समोर विमा कंपनीचे चौघे बसले होते. त्यांच्या साहेबांनी आज होकार दिला, की तिच्या ॲपला तीन वर्षांचं काम मिळणार होतं. रात्रीचा दिवस करून तिने हे गणित जुळवलं होतं. पेशंटने घरबसल्या ॲपला लक्षणं सांगायची, ॲपने सल्ला द्यायचा. दवाखान्यातली भरती टळली की विमा कंपनीचा खर्च वाचणार, आणि वाचलेल्यातला वाटा हिचा. नमुन्यादाखल दीडशे घरांत ते सुरूही झालं होतं. पहिलं घर तिच्या बाबांचंच.

"म्हणजे पेशंटही घरी आणि पैसाही घरी!" साहेब म्हणाले. चौघे हसले. तीही हसली.

"पण ऊठसूट दवाखान्यात पळणाऱ्यांचं काय?"

"त्यांचाच तर बंदोबस्त केलाय. आधी धोक्याची दोन लक्षणं दिसली, की ॲप लगेच दवाखान्यात पाठवायचं. आता मी तीन केलीत." तिच्याच कंपनीतल्या डॉक्टरीणबाई यावर चांगल्याच भडकल्या होत्या, पण ते सांगायची ही जागा नव्हती.

टेबलावरचा फोन थरथरला. धाकटी. दोनदा कापूनही तिसऱ्यांदा आला, तेव्हा थोरलीने "एक मिनिट हं," म्हणत उचलला.

"ताई, बाबांच्या छातीत दुखतंय गं. आणि घामाने नुसते निथळतायत."

छाती आणि घाम. दोन.

"ॲपला विचारलंस?"

"हो. ते म्हणतंय पडून राहा, चार तासांनी परत कळवा."

"अगं, मग बसलीस काय? ने त्यांना दवाखान्यात! आत्ताच्या आत्ता!"

"उठतच नाहीयेत. ऐकतायत कुठे माझं! तूच सांग."

फोनवर बाबा आले. आवाज बारीक झाला होता, पण ऐट कायम. "उगाच घाबरते ही. तुझंच ॲप सांगतंय ना पडून राहा म्हणून? अगं, मी सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या थोरलीने केलंय, डोळे झाकून विश्वास ठेवा. तू काय मला चुकीचं सांगशील?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. चौघेही तिच्याकडेच बघत होते. बाहेर जाऊन बोलावं असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच शरम वाटली.

"बाबा, त्याचं ऐकू नका."

"का गं?"

"ते तसंच सांगणार. मीच तसं सांगायला लावलंय त्याला."

पलीकडून बाबांचा अडखळता श्वास ऐकू येत होता.

"बाबा? उठा ना हो. पाया पडते तुमच्या."

"धाकटे, माझ्या चपला दे," बाबा म्हणाले. थोरलीशी ते एक शब्दही बोलले नाहीत.